वाकडा दारवान

फार पूर्वीपासून पेशींच्या गावात एक रीत होती. जनुक मणी ओवून मीठ बाहेर सोडणारे दारवान घडवी आणि तपासनीस त्यांना निरखून मगच पेशीच्या भिंतीत पाठवी.

एका बाळाच्या छातीत जनुकाकडून एक मणी ओवायचा राहिला. दारवान जरासा वाकडा निघाला.

"तुला मोडावं लागेल," तपासनीस म्हणाला.

"त्याआधी एकदा भिंतीत उभं करून बघा. दार मला उघडता येतं."

"आपल्यात तशी रीत नाही."

त्याला मोडलं. त्याच्यामागून आलेले तसेच वाकडे सगळेही मोडले. मीठ आत अडकलं, त्याच्यामागून बाहेर येणारं पाणीही आतच राहिलं, कफ डिंकासारखा घट्ट झाला. बाहेर आई बाळाची पाठ थोपटत राहिली.

बाळाचा श्वास थांबत आला, तेव्हा तपासनीस समाधानानं म्हणाला, "आपल्या भिंतीत एकही वाकडा नाही."