येसूच्या कढईचं घुंगरू

फार वर्षांपूर्वी, करंजवाडीत घरोघरी करंजाच्या तेलाचा साबण शिजायचा, तेव्हाची ही गोष्ट. वाडीत येसू नावाची एक सून होती. तिच्याइतकी भित्री बाई पंचक्रोशीत नव्हती, असं म्हणतात. लेक बायो झोपली की येसू तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची. बायो दचकून उठायची, आणि आता हिची झोप मोडली म्हणून येसू नव्याने घाबरायची.

साबणासाठी केळीच्या राखेचं क्षारपाणी आटवत. दिसायला निवळशंख, पण कातडी सोलून काढणारं. ते हाताला येईल त्या भांड्यात गाळायचं आणि मग विसळून त्याच भांड्यात प्यायचं पाणी भरायचं, अशी वाडीची रीत.

“ठकूकाकू, पोरीनं चुकून तोंड लावलं तर?” येसू शेजारणीला विचारायची.

“अगो, तुला तर सावलीसुद्धा चावेल!” काकू हसायची.

तरी येसूने साबणापुरतं वेगळं भांडं काढलं. माहेरहून आलेलं ॲल्युमिनियमचं कोरं पातेलं. एवढं चकचकीत म्हणजे निर्धोकच, असं तिने ठरवलं. चार इयत्ता शिकली होती ना! कढत क्षारपाणी पडलं मात्र, पातेलं फसफसलं, काळंठिक्कर पडलं, उतू गेलं. ओघळ निघाला तो थेट अंगणात रांगणाऱ्या बायोकडे.

जन्मभर घाबरलेली येसू त्या घटकेला घाबरायचं विसरली. तिने लेकीला वर उचललं आणि स्वतः त्या ओघळात उभी राहिली. ठकूकाकूने तिच्या पायांवर कळशीमागून कळशी ओतली. विहीर त्या दिवशी हातभर खाली गेली, असं म्हणतात.

पायांच्या जखमा सुकल्या, वण राहिले. मग येसू क्षारपाणी ओतून एकेक भांडं पारखायला बसली, बायोला काकूकडे ठेवून. तांब्याच्या पातेल्याची कल्हई उडाली. मडकं पाझरलं. जाड लोखंडी कढई तेवढी शांत राहिली. येसूने बायोच्या वाळ्यातलं एक घुंगरू काढून कढईच्या कानात बांधलं.

“कढईला कशाला गं दागिना?” काकूने विचारलं.

“वाजलं की कळेल, ही जेवणाची नव्हे.”

या वेळी काकू हसली नाही. तिने स्वतःची कढई आणून पुढे ठेवली.

कढई उंच खुंटीवर असायची. खाली रांगतं मूल आलं की वारा नसतानाही घुंगरू वाजायचं, असं म्हणतात. येसू गेल्यावरही वाजत राहिलं.

करंजवाडीत अजूनही बारशाला नाव ठेवून झालं की म्हातारी बाई विचारते, “या घरात भित्रं कोण?” बाळाच्या आईने सगळ्यांदेखत म्हणायचं, “मी.” कुणी हसत नाही. बाळाच्या वाळ्यातलं एक घुंगरू काढून लोखंडी कढईला बांधतात, आणि कढई त्या आईच्या हाती देतात.