विहिरीचं दार

लिहिणाऱ्याची शाळा लवकर सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, शब्दही साधेच आहेत, तेवढं वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. बोलणं सगळं मालवणीत झालं होतं. ते सगळ्यांना कळावं म्हणून सरळ करून लिहिलं आहे.

"...मग मोकळा माणूस म्हणायचं कोणाला, बुवा?"

विश्रामने हे विचारलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मठीत एकटेच राहणारे कानबुवा ओट्यावर सुंभ वळत बसले होते. मठी ओढ्याच्या अलीकडे, शिवेबाहेर. पलीकडे अख्खा वेळसर गाव रिकामा पडला होता.

गावपळण चालू होती. काही वर्षांनी देवाचा तसा कौल झाला की सगळा गाव, गुरं, कोंबड्या, कुत्र्यांसकट, घरं सोडून शिवेबाहेर झोपड्या बांधून राहतो. दारं नुसती ओढून घ्यायची. गाव देवाच्या हवाली. पुन्हा कौल होईपर्यंत आत कोणी पाऊल टाकायचं नाही.

विश्राम शहरात राहून, पुष्कळ वाचून आला होता.

"माझं शरीर माझं. माझ्या घामाची बाग माझी. सरकारने, पंचायतीने, कोणीच मला काही सांगू नये," असं तो म्हणे. म्हणून त्याने बागेभोवती चिऱ्यांचा गडगा घातला होता. जुनी विहीर गडग्याच्या आत आली. तिच्या वाटेवर त्याने फणसाच्या लाकडाचं दार बसवलं. गाव परत गेला की त्या दाराला कुलूप लागणार होतं.

त्याच विहिरीचं पाणी शेजारचा चुलतभाऊ उत्तम आणि त्याची म्हातारी आई आजवर पीत आली होती.

उत्तमही तिथेच बसला होता. सरकार त्यालाही नको होतं. पण त्याची वाट वेगळी.

"हुकूम नको, तर मालकी कशी चालते रे तुला?" तो म्हणाला. "जमीन काय आईच्या पोटातून घेऊन आलास? सगळं सगळ्यांचं."

"मग उद्या तुझी होडी नेतो."

"ने की. विचारून ने."

"विचारायचं कशाला? सगळ्यांची ना?"

उत्तम गोरामोरा झाला.

बुवा हसले. "दोघांनाही धनी नको. भांडता मात्र दोन धन्यांसारखे."

"मला एक राखणदार पुरे," विश्राम म्हणाला. "चोराला अडवील, एवढाच. बाकी कोणी माझ्या दारात उभं राहायचं नाही."

बुवांचे हात थांबले. आमच्याकडे राखणदार म्हणजे पगारी माणूस नव्हे. जागा राखणारा, न दिसणारा. भलत्या वेळी त्याचं नाव कोणी काढत नाही.

"राखणदार..." बुवा ओढ्यापलीकडे बघत म्हणाले. "आहे ना."

त्यांनी बोटाने रिकामा गाव दाखवला.

"आज तिथे पोलीस नाही, सरपंच नाही, तलाठी नाही. तुम्हा दोघांना हवा तसा गाव आहे. बघून या. विश्राम, तू तुझ्या घरात जा. उत्तम, तू कोणाच्याही घरात जा. सगळी तुझीच."

उत्तम दचकला. "पळण मोडायची, बुवा?"

"मी जा म्हणत नाही. अडवतही नाही."

"मला कोणाची बंदी नाही," म्हणत विश्राम उठला. उत्तमलाही मग बसून राहणं कसंसंच वाटलं.

ओढ्यावर लाकडी साकव आहे. त्याच्या पलीकडच्या टोकाला पोचल्यावर पहिलं घर दिसलं आणि उत्तम थांबला.

"काय झालं?"

"कोणाचं तरी आहे रे ते," उत्तम पुटपुटला, आणि मागे फिरला.

विश्राम एकटाच पुढे गेला. कावळाही ओरडत नव्हता. स्वतःच्या चपलांचा आवाज त्याला मोठा वाटू लागला, म्हणून त्याने त्या काढून हातात घेतल्या. गाव सोडून दिवस उलटले होते, तरी एकाही अंगणात पान पडलेलं नव्हतं. सगळी अंगणं आत्ताच झाडल्यासारखी...

तो परत आला तेव्हा हातातल्या चपला नव्हत्या.

"घरापर्यंत पोचलास?" बुवांनी विचारलं.

"अंगणापर्यंत."

"मग?"

"पळणीला निघताना दार ओढून गेलो होतो. ते अर्धं उघडं होतं. मी... मी म्हटलं, आत येऊ?"

उत्तमला हसू आलं. "स्वतःच्या घरात, मेल्या?" पण विश्रामचं तोंड बघून तो गप्प झाला.

"उत्तर आलं?" बुवांनी विचारलं.

"आतून कोणीतरी विचारलं... कोण?"

"आवाज ओळखीचा?"

"माझाच होता, बुवा."

"तू काय सांगितलंस?"

"मालक म्हणणार होतो. जीभ वळली नाही. तोंडातून निघालं... शेजारी."

"मग?"



"मग दार लागलं. आतून कडी घातली."

ओढ्यापलीकडे कुठेतरी एक दार वाजलं. वारा नव्हता. उत्तम सरकून विश्रामला चिकटून बसला.

"बुवा, आत कोण होतं?" विश्रामने विचारलं.

बुवांनी सुंभ पुन्हा हातात घेतला.

"मला काय ठाऊक? घर तुझं."

दुसऱ्या दिवशी सकाळी कौल झाला. ढोल वाजले आणि सगळा गाव आरडत, हसत साकवावरून आत धावला. विश्राम घरात शिरला नाही. तो सरळ विहिरीवर गेला आणि पहारीने दाराच्या बिजागऱ्या उखडू लागला. उत्तमची आई घागर घेऊन आली होती. काम अर्धं टाकून त्याने तिला वाट दिली. मग ते दार डोक्यावर घेऊन तो एकटाच ओढ्याअलीकडे मठीवर आला. घामाने निथळत होता.

"ठेवा, बुवा. चुलीला होईल."

"कोणी काढायला लावलं? उत्तमने?"

"नाही."

"पंचांनी? की... त्या आतल्याने?"

"नाही. कोणीच नाही."

बुवांनी वाकून दाराची एक कड उचलून बघितली.

"तरीच हलकं आहे."