पिशवी खांद्यावर घेऊन खेळणारा

एकदा एक नगर बास्केटबॉलच्या पार नादी लागले. नादात वाईट काही नव्हते. पण खेळ राहिला बाजूला आणि माणसे वादच खेळू लागली.

त्याला निमित्त झाला नगराच्या संघातला सर्वांत गुणी खेळाडू. संघ एका कापड-व्यापाऱ्याच्या मालकीचा होता आणि व्यापाऱ्याशी झालेल्या करारातला अखेरचा हंगाम अजून बाकी होता. अशात नदीपलीकडच्या मोठ्या शहराच्या संघाने या खेळाडूला बोलावणे धाडले. जायचे हे त्याच्या मनाने घेतले होते, फक्त कसे जायचे ते ठरत नव्हते. बोलावण्याची बातमी फुटली आणि नगराला दुसरा विषय उरला नाही.

एक पक्ष म्हणे, "जायचंच असेल तर आत्ताच अदलाबदल मागावी. हा तिकडे जाईल, तिकडचा एखादा चांगला गडी आपल्याला मिळेल. करार संपल्यावर गेला तर आपल्या हाती धुपाटणं!" दुसरा पक्ष म्हणे, "शब्द दिला तो पुरा करावा आणि मग खुशाल मोकळं व्हावं. मध्येच बदली मागणं म्हणजे भरल्या ताटावरून उठणं." न्हावी गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच ठेवून तावातावाने बोले आणि अर्ध्या दाढीचे गिऱ्हाईकही तितक्याच तावाने उत्तर देई. तो खेळाडू गेला काय आणि राहिला काय, या दोघांचे काहीही बिघडणार नव्हते. ज्याचे बिघडणार होते तो मात्र या वादात कुठेच नव्हता.

त्याचे नाव सुभान. अंगकाठीने लहान, पण चेंडू असा अचूक देई की त्या गुणी खेळाडूने नुसता हात वर करावा. निम्मे यश सुभानच्या हातचे होते आणि हे त्या खेळाडूलाही ठाऊक होते. सुभानचा करार नुकताच संपला होता. त्याच्या गावाजवळच्या संघाने त्याला मागणी घातली होती. गावी त्याची आई एकटीच राहत होती. तरीही तो इथेच थांबणार होता. "गाव काहीही बोलो, तो जायचा नाही. आमची जोडी आहे," असे तो ज्याला त्याला सांगत सुटला होता. ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी दुपारी व्यापाऱ्याच्या पेढीवर जाऊन तो पुढच्या तीन हंगामांच्या करारावर सही करणार होता.

या दोघांना ज्यांनी घडवले, ते वृद्ध गुरू रोज पहाटे मैदानावर सराव घेत. सारे त्यांना मास्तर म्हणत. गेले काही दिवस ते अगदी विटून गेले होते. दूधवाला माप ओतता ओतता विचारी, "मास्तर, आधी की नंतर?" देवळात प्रदक्षिणा घालताना कोणी तरी मागून येऊन हाच प्रश्न घाली. "मी काय मुहूर्त काढून देतो?" असे म्हणून मास्तर पुढे चालू लागत. प्रश्न मात्र त्यांच्या मागोमाग येतच राही.

त्यांच्या मैदानाचा एक जुना रिवाज होता. भिंतीवर खुंट्यांची रांग होती आणि प्रत्येकाची खुंटी ठरलेली होती. आल्यावर आधी आपली पिशवी खुंटीला अडकवायची, मग पाळीप्रमाणे मैदान झाडायचे, आणि त्यानंतरच चेंडूला हात लावायचा. फाटकापाशी पिशव्या ठेवीत ते फक्त पाहुणे संघ, कारण त्यांना सामना संपताच निघायचे असे. हा गुणी शिष्य अलीकडे आपली पिशवी फाटकापाशी ठेवू लागला होता. तिच्यात फोन होता आणि पलीकडच्या संघाचा दलाल केव्हाही फोन करी. सरावात चेंडू बाहेर गेला की शिष्य मुकाट्याने फाटकापर्यंत जाई, पिशवीत डोकावून परत येई. कोणाच्या हे लक्षात आले नव्हते. निदान शिष्याची तशी समजूत होती.

त्या सकाळी सराव सुरू होण्यापूर्वी शिष्य मास्तरांपुढे येऊन उभा राहिला.

"मास्तर, एकच विचारायचं आहे. आत्ता बदली मागितली तर शब्द मोडल्याचं पाप लागतं. करार संपवून गेलो तर संघाला रिकाम्या हाती सोडल्याचं लागतं. यातलं धर्माला धरून कोणतं?"

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. "तूही? बरं. आधी फाटकापाशी जा आणि तुझी पिशवी घेऊन ये."

शिष्याने पिशवी आणली.

"खांद्यावर अडकव. आता खेळ."

"पिशवी घेऊन?"

"मराठीतच बोललो ना मी?"

खेळ सुरू झाला. शिष्य धावला की पिशवी त्याच्या पाठीवर आपटे. वळला की ती गरकन फिरून पोटावर येई. चेंडू झेलायला हात वर केला तर पट्टा कोपरापर्यंत घसरे आणि चेंडू छातीवर आदळून बाहेर जाई. समोरचे गडी हसू लागले, सोबतचे वैतागले. शेवटी एका उडीत पिशवी झुलली ती थेट सुभानच्या तोंडावर बसली. सुभानचा ओठ फुटला.

"मास्तर, हा काय प्रकार आहे?" सुभान ओरडला आणि ओठ धुवायला नळाकडे गेला.

शिष्याने संतापाने पिशवी जमिनीवर टाकली. "मी तुम्हाला धर्म विचारला आणि तुम्ही चारचौघांत माझं हसं केलंत!"

"आज पिशवी दिसली म्हणून हसं झालं," मास्तर म्हणाले. "गेले कित्येक दिवस तू असाच खेळतो आहेस. अरे, माणूस गाव सोडतो, नोकरी सोडतो, तसा संघही सोडतो. जाणं हा अपराध नव्हे. आत्ता बदली मागशील तर तुझ्या मोबदल्यात तिकडचा कुणी गडी मनाविरुद्ध इकडे येईल. त्यालाही घरदार असेलच. करार संपवून जाशील तर इथली जागा रिकामी पडेल. कोणत्याही वाटेने गेलास तरी कुणाच्या तरी पायावर तुझा पाय पडणार, ते मला टाळता येत नाही आणि तुलाही येणार नाही. पण ज्याच्या पायावर पडणार, त्याला आधी सांगता येतं की नाही? शेठ ओरडतील म्हणून तू गप्प बसलास, ते मी समजू शकतो. गाव नावं ठेवेल म्हणून गप्प बसलास, तेही समजतो. पण तुझ्या भरवशावर जो आज दुपारी सही करणार आहे, त्याला काय सांगितलंस?"

शिष्याची मान खाली गेली. "तो फार आनंदात होता, मास्तर. सांगायला जीभ रेटली नाही."

"आणि सही झाल्यावर कळलं तर त्याचा आनंद वाढणार आहे का?"

शिष्य नळापाशी गेला. सुभान ओठावर ओला रुमाल धरून उभा होता.

"सुभान, मी जाणार आहे. आत्ता की हंगाम संपल्यावर, ते अजून ठरलं नाही. पण जाणार, हे नक्की."

सुभानने रुमाल काढला. त्याला पुरते उमगायला थोडा वेळ लागला. "केव्हापासून ठरलंय?"

"महिना झाला."

"महिना!" सुभानचा आवाज चढला. "आणि मी काल अम्मीला कळवलं, की येत नाही म्हणून. ती म्हणाली, दोस्त आहे ना तिथं, मग राहा. तुझ्यामुळं म्हणाली ती! एका शब्दानं सांगता आलं नाही तुला?"

शिष्याला फार लाज वाटत होती. त्या दिवशी उरलेल्या सरावात सुभानने त्याला एकही पास दिला नाही. पण दुपारी तो पेढीवर न जाता गावाकडच्या गाडीत बसला. तो गेल्यावर शिष्य आपल्या पायांनी पेढीवर गेला, शेठना सारे उघड सांगितले, आणि त्यांचे ओरडणे शेवटपर्यंत उभ्याने ऐकून घेतले.

यथावकाश शिष्य नदीपलीकडे गेला. पुढे अनेक वर्षांनी नव्या खेळाडूंनी मास्तरांना गाठून विचारले, की मग तो अदलाबदल मागून गेला होता, की करार संपवून?

"ते काही आता आठवत नाही रे," मास्तर त्रासून म्हणाले. "सुभानची सही होण्याआधी त्यानं सांगितलं, एवढं आठवतं."