हौदातले थोरले

एका बंदरगावात एका गलबतवाल्याची पुतणी सात समुद्रांपलीकडे शिकून परत आली.

ती जिथे शिकली त्या बेटावर समुद्राच्या पोटातल्या जीवांची विद्या शिकवत. कोणता मासा कोणाच्या शेजारी सुखाने राहतो, कोण कोणाला खातो, पोवळं कशाने मरतं, हे सगळं तिने मन लावून शिकून घेतलं होतं. काकांनी निरोप धाडला होता, "ओटीवरच्या हौदासाठी नवा मासा निवडायचा आहे. तू आलीस की निवडू." गलबतावर वाटभर तिने तो निरोप मनात घोळवला. तिला वाटलं होतं, आपण पोचताच काका हाताला धरून हौदापाशी नेतील आणि म्हणतील, "बघ पोरी, एवढी जागा आहे, आत हे हे जीव आहेत. आता तू सांग, इथे कोण सुखाने नांदेल?"

ती पायऱ्या चढून आली, तर ओटीवर कांदेपोहे चालले होते.

झोपाळ्यावर काका बसले होते, सतरंजीवर जोशीबुवा. दाराशी काकू, आणि काकूंच्या मागे बशा घेऊन वहिनी. या वहिनीचं लग्न होऊन ती या घरात आली त्याला वर्षही झालं नव्हतं. समोर एका कोळ्याने मातीच्या तीन पसरट कुंड्या मांडल्या होत्या आणि प्रत्येक कुंडीत एकेक मासोळी फिरत होती.

"ये ये, अगदी वेळेवर आलीस," काका म्हणाले. "दाखवण्याचा कार्यक्रम चाललाय. तू फक्त हो म्हण. म्हणजे चार लोकांत सांगायला बरं, दूरदेशी शिकलेल्या पोरीने पसंत केली म्हणून."

"आणि नाही म्हटलं तर?"

"बघा! शिकलेली माणसं पोहे असे थंड करतात," जोशीबुवा बशीतून मान वर न करता म्हणाले आणि सगळे हसले.

पुतणी हसली नाही. बोचकं खाली ठेवून ती हौदाकडे गेली.

हौद मात्र खरोखर देखणा होता. माणूसभर लांबीची काच, आत पांढरी वाळू, वाळूवर जिवंत पोवळ्यांचे जांभळे-गुलाबी खडक. घरचे गडी रोज भरतीचं ताजं पाणी कावडीने आणून त्यात घालत. एका समुद्रफुलाच्या पाकळ्यांत केशरी मासोळ्यांची जोडी राहत होती. शंख पाठीवर घेऊन एक खेकडा वाळूत हिंडत होता. आणि या सगळ्यांच्या मधोमध, सगळ्यात उंच खडकासमोर, एक निळाशार, पिवळ्या शेपटीचा, जाड ओठांचा मासा संथपणे येरझाऱ्या घालत होता.

हौद भरला त्या दिवसापासून तो तिथे होता. घरात त्याला मासा म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. त्याला सगळे 'थोरले' म्हणत. "थोरले जेवले का?" "आज थोरल्यांची स्वारी नाराज दिसते." काका बाहेरगावी निघाले की आधी थोरल्यांना हात जोडत, मग देवांना.

"याआधी आणलेल्या मासोळ्यांचं काय झालं?" पुतणीने विचारलं.

"टिकल्या नाहीत," काकू म्हणाल्या. "एकीनेही आठवडा धड काढला नाही. पायगुणच नव्हता त्यांचा."

"काकू, मासोळीला पाय कुठे असतात?"

"म्हणून तर गुण आला नाही!"

पुन्हा हशा पिकला. पुतणीच्या डोक्यात एक शीर तडतडू लागली. पण तिने स्वतःला समजावलं, आपण भांडायला आलो नाही, निवडायला आलो आहोत. निवड अशी करू की यांची तोंडं आपोआप बंद होतील.

पहिल्या कुंडीत तर राजकन्याच होती. अंगावर लाल-पांढरे पट्टे, मोराच्या पिसाऱ्यासारखे फुललेले पंख. जोशीबुवांनी पोह्यांचा हात धोतराला पुसून तिचे पट्टे मोजले आणि सांगितलं, "घराणं उत्तम. गुण जुळतात."

"कोणाशी जुळतात?" पुतणीने विचारलं. "हिच्या तोंडात जे मावतं ते ही गिळते. एका रात्रीत तुमची केशरी जोडी नाहीशी होईल. आणि त्या पिसाऱ्यात विषारी काटे आहेत. पाणी बदलणाऱ्या गड्याला एक जरी लागला तर गावभर ओरडत सुटेल."

दुसरी हिरवी-गुलाबी, पोपटासारख्या चोचीची. काकूंना ती बघताक्षणी आवडली.

"ही त्या चोचीने पोवळं कुरतडून खाते, काकू. महिन्याभरात तुमच्या खडकांचा चुना करून ठेवील."

तिसरी होती बोटभर लांब, मातकट रंगाची. कुंडीच्या तळाशी ती आपली शेवाळ चाटत होती. आपल्याला कोणी पाहतंय याचंही तिला भान नव्हतं.

"ही," पुतणी म्हणाली. "काचेवरचं, खडकावरचं शेवाळ खाऊन राहते. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही."

"रंग सावळाच आहे गं," काकू कुरकुरल्या.

"उंचीही बेताचीच," जोशीबुवा म्हणाले.

"परमुलुखातले व्यापारी हौद बघायला येतात," काका म्हणाले. "त्यांना काय ही दिवा धरून दाखवू? आणि आमच्या थोरल्यांशेजारी शोभेल का ती?"

"शोभायचं काय त्यात? तिला तिथे राहायचंय!" पुतणीचा आवाज चढला. "तुम्ही मला बोलावलंत ना? मग ही माझी निवड."

बोलावलं होतं हे खरं होतं, आणि कोळीही ऐकत होता. काकांचा नाइलाज झाला. वहिनीने हौदाच्या काचेला हळदकुंकू लावलं, मासोळीला ओवाळलं, आणि कोळ्याने तिला अलगद पाण्यात सोडलं. पुतणीला वाटलं, आपण जिंकलो.

मासोळी खाली गेली. एका खडकाशी थांबली. तिने शेवाळाला तोंड लावलं, तेवढ्यात निळी वीज चमकावी तसे थोरले तिच्यावर आले.

पहिल्या धडकेत तिच्या पंखाची चिंधी झाली. ती पळाली, ते मागे लागले. ती वाळूत शिरली, त्यांनी उकरून काढलं. शेवटी ती कोपऱ्यातल्या एका दगडामागे, काच आणि दगड यांच्या फटीत अंग चोरून बसली. थोरले फटीबाहेर गस्त घालू लागले.

"काका, ते तिला मारतायत!"

"मारतायत कसले? ओळख करून घेतायत," काका झोपाळ्याला पाय देत म्हणाले.

"सुरुवातीला होतंच असं," काकू म्हणाल्या. "नव्याने जरा दबून राहावं. गेल्या गेल्या खायला कशाला लागली? पद्धत असते काही."

"मी म्हटलं नव्हतं?" जोशीबुवा उठता उठता म्हणाले. "पट्टे नाहीत, ठिपके नाहीत. अशीला ग्रह साथ देत नाहीत." आणि उरलेले पोहे पानात बांधून घेऊन ते गेले.

पुतणी काचेसमोर बसून राहिली. आणि आता, आल्यापासून पहिल्यांदा, तिने हौद नीट पाहिला.

तिने पाहिलं की एवढ्या मोठ्या हौदाचा अर्ध्याहून अधिक भाग ओस पडलेला आहे. जिथे सर्वांत चांगली पोवळी होती, सर्वांत चांगला उजेड येत होता, तिथे थोरल्यांखेरीज कोणी फिरकत नव्हतं. केशरी जोडी आपल्या फुलातून वीतभरही बाहेर येत नव्हती. खेकडा काचेला चिकटून, लांबचा वळसा घेऊन चालला होता. पाहुण्यांना हे सगळं किती शांत, किती शिस्तीचं वाटत असेल! ती शिस्त नव्हती. ते सगळे जीव मुठीत धरून राहत होते.

तिला संताप आला, आणि त्यातला अर्धा स्वतःवरच होता. तीन कुंड्या तिने तपासल्या, तिघींचे गुणदोष तिने घडाघडा सांगितले. ओटीवरच्या माणसांसारखंच तिनेही येणाऱ्यालाच पारखलं होतं. आत आधीपासून कोण बसलंय, हे बघायचं तिलाही सुचलं नव्हतं. एवढी विद्या, आणि तीही मासोळीच पारखत बसली!

दिवे लागायच्या वेळी ती काकांसमोर जाऊन उभी राहिली.

"मासोळीत खोट नाही, काका. याआधीच्या कोणातही नसेल. खोट थोरल्यांत आहे. त्यांना हौदातून काढा."

झोपाळा थांबला. काकूंनी कपाळाला हात लावला.

"थोरल्यांना काढा?" काका म्हणाले. "अगं, ते या घराची शोभा आहेत! काल आलेल्या बोटभर मासोळीसाठी त्यांना बाहेर काढू? लोक तोंडात शेण घालतील."

"लोक हौद बघून घरी जातात. आत या जिवांना राहावं लागतं."

"ते आधीपासून आहेत."

"आधीपासून आहेत म्हणून मारायची मुभा आहे?"

"हे बघ," काकांनी आवाज मऊ केला, "तू दमून आली आहेस. तुझ्या मासोळीला काढून एका वेगळ्या बरणीत ठेव. तिचा जीव वाचेल, थोरल्यांचा मानही राहील. वाद कशाला?"

पुतणीने फडताळातल्या बरणीकडे पाहिलं. बरणीची गोष्ट वाईट नव्हती. मासोळी जगली असती. कोणी रागावलं नसतं. ताटावर बसून सगळे हसत जेवले असते.

जेवणं झाल्यावर वहिनी हौदापाशी आली. ती फटीकडे बराच वेळ बघत राहिली.

"होईल हो तिची सवय," ती हळूच म्हणाली. "मीसुद्धा आले तेव्हा दगडामागेच होते. आवाज चढला की माजघरात, पाहुणे आले की माजघरात. आधी घास उतरत नाही. मग आपोआप भूकच कमी होते."

हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. मासोळीला धीर द्यावा तशी सांगत होती. पुतणीला त्या मऊ आवाजाची जास्त चीड आली. जोशीबुवांच्या पट्ट्यांची, काकूंच्या पायगुणाची आली नव्हती एवढी आली. या घरात मार खाणाऱ्यालाच जुळवून घेण्याचे धडे मिळत होते, आणि धडे देणाराही आधी मारच खाल्लेला होता.

सकाळी तिने उठल्या उठल्या फटीत डोकावलं. मासोळी जिवंत होती. पंख फाटलेला, अंगावरचे खवले दोन जागी निघालेले, पण कल्ले हलत होते. थोरले फटीबाहेरच होते.

बरणी फडताळात होती. पुतणीने तिला हात लावला नाही. तिने मातीचं मोठं मडकं समुद्राच्या पाण्याने भरलं, जाळी घेतली आणि हौदात चिमूटभर सुकटीचा चुरा सोडला. थोरले ऐटीत वर आले. दुसरं कोणी घासाला तोंड लावणार नाही याची त्यांना खात्रीच होती. तिने खालून जाळी उचलली.

निळा मासा जाळीत असा थडथडला की पाणी ओटीभर उडालं.

"वहिनी! मडकं धरता?"

वहिनीने आधी काकूंकडे पाहिलं. काकू दारात आल्या होत्या आणि डोळ्यांनीच नको म्हणत होत्या. वहिनीचे हात पदरात गुंतले. मग ते सुटले. ती पुढे आली आणि तिने मडकं दोन्ही हातांनी घट्ट धरलं. थोरले धपकन आत पडले.

काका धावत बाहेर आले. "कुठे नेतेस त्यांना?"

"जिथून आणलेत तिथे. बाहेरच्या खडकांपाशी समुद्र मोठा आहे. त्यांच्या रागाला पुरेल एवढी जागा आहे तिथे. त्यांनीही सुखाने राहावं."

"आणि इथे?"

"इथे आता काही दिवस कोणीही आणायचं नाही. आत आहेत त्यांना आधी भीतीशिवाय पोहू दे. मग बघू, नवं कोण आणायचं ते."

"ते या घरातून गेले," काका म्हणाले, "तर तूही परत या पायऱ्या चढायच्या नाहीस."

पुतणीने वहिनीच्या हातातून मडकं घेतलं. ते चांगलंच जड होतं. या घरी परत यायचं म्हणून तिने परदेशात कितीतरी दिवस काढले होते. या ओटीवर आपला पाट असेल, आपला शब्द असेल, असं तिला वाटत आलं होतं. मडक्यात थोरले काठाला धडका देत होते.

"बरं, काका," ती म्हणाली. मडकं कडेवर घेतलं आणि पायऱ्या उतरू लागली.

तात्पर्य: नवं आलेलं कोणीच ज्या घरात टिकत नाही, तिथे येणाऱ्याच्या गुणांची मोजणी थांबवावी, आणि सगळे कोणाच्या धाकाने कोपऱ्यात राहतात, हे आधी पाहावं. ते पाहूनही ज्याला बरणीच सुचते, त्याने हौद बाळगू नये.