दर्यापारचा भाता

खूप जुनी गोष्ट आहे, मुलांनो. मोठ्यांनी ऐकली तरी हरकत नाही. नदीकाठच्या एका नगरात तांबट राहत. दिवसभर हातोड्यांचा असा दणदणाट चाले, की तिथे गुपितंसुद्धा ओरडून सांगावी लागत.

या तांबटांचा एक मेळा होता. मेळ्याची मुख्य होती एक म्हातारी तांबटीण. सगळे तिला काकी म्हणत आणि सगळेच तिला टरकून असत. मेळ्यात यायची रीत साधी होती. कुणा जुन्या तांबटाने भर बैठकीत उठून म्हणायचं, "हा आपला आहे." कुणीच उठलं नाही, तर मुकाट्याने घरी जायचं.

त्याच नगरात समुद्रापलीकडच्या एका व्यापाऱ्याने मोठी भट्टी घातली होती. कारभार बघायला त्याने आपल्या देशातला माणूस पाठवला होता. गावाने त्याचं नाव ठेवलं दर्यापार. माणूस गुणी होता. कामाला नगरातलीच पोरं, हंडे-घंगाळंही देखणी. तांबं मात्र मालकाच्या गलबतांतून येई.

एके दिवशी राजाने दवंडी पिटवली. बाहेरून तांबं आणणारी गलबतं बंद! यापुढे तांबं राजाच्या खाणीतलं, आणि तेही मेळ्यात असेल त्यालाच.

दर्यापार तर मेळ्यात नव्हता. पौर्णिमेच्या बैठकीत जागा मिळाली नाही, तर भट्टी विझणार होती आणि त्याच्या हाताखालची सगळी पोरं घरी बसणार होती.

तो कामाला लागला. मेळ्याच्या चावडीला त्याने पुरुषभर उंचीची समई दिली. "झकास आहे हो," काकी म्हणाली आणि आपल्या वाटेने गेली. मग त्याने झाडून सगळ्या तांबटांना जेवण घातलं. भट्टीसमोरच्या घरातल्या मिशाळ तांबटाने तर जिलब्यांचा फडशा पाडला. हाच मिशाळ त्याचा सगळ्यात कडवा विरोधक.

"मग, आता मला आपला म्हणाल ना?" दर्यापारने विचारलं.

"जिलबी फक्कड होती," मिशाळ मिशी पुसत म्हणाला. "पण तुमचा मालक तिकडे, नफा तिकडे. आमच्यावाचून तुमचं अडतंय कुठे? तुम्ही आपले पाहुणे."

दर्यापार हिरमुसला. आजवर कुणी विस्तव मागितला, सांडशी मागितली, त्याने कधी नाही म्हटलं नव्हतं. स्वतः मात्र तो कुणाच्या दारात गेला नव्हता. मागायला त्याला भारी लाज वाटे.

आणि पौर्णिमेच्या आदल्या दिवशी त्याच्या भट्टीचा भाता टर्रकन फाटला. नवा भाता यायचा तो गलबतातून, आणि गलबतं तर बंद! पोरांनी खटपट केली, पण ते जाड चामडं कुणाला शिवता येईना. "मिशाळमामांशिवाय हे कुणाला जमायचं नाही," पोरं म्हणाली. भट्टी निवायला लागली होती.

दर्यापार मिशाळच्या दारापर्यंत गेला आणि परत फिरला. पुन्हा गेला, उगाच आभाळाकडे बघितलं आणि पुन्हा मागे वळला.

"अहो, येरझारा कसल्या घालताय?" मिशाळ आतून ओरडला.

दर्यापारचे कान लाल झाले. "भाता फाटलाय," तो कसाबसा म्हणाला. "आमच्यापैकी कुणाला शिवता येत नाही. तुम्ही याल का?"

मिशाळ ताडकन उठला. "मग आल्या आल्या बोलायचं नाही का! अगं, माझा दाभण आण!"

तो निघाला, तशी त्याच्यामागे अख्खी आळी निघाली. आजवर विस्तव मागायला आलेलेही दारातूनच परतत; मेळ्यातल्या कुणी त्या भट्टीच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. "असला कसला हा भाता!" असं म्हणत मिशाळ शिवायला बसला आणि एकदम थांबला. कोपऱ्यात एक पोरगा हंडा ठोकत होता. "हा ठोका तर आमच्या घरचा!" तो म्हणाला. पोरगा त्याच्याच बहिणीचा होता, आणि ठोका मिशाळनेच शिकवलेला. मिशाळने दुप्पट जोमाने दाभण चालवला. त्याच्या बायकोने सगळ्यांना भाकरी आणली. संध्याकाळच्या आत भट्टी पुन्हा धडधडू लागली.

दुसऱ्या दिवशी बैठक भरली. "दर्यापारला आपला कोण म्हणतं?" काकीने विचारलं.

"मालक परका आहे!" कुणीतरी पुटपुटलं.

मिशाळ उठला. "असेल मालक परका. पण ठोके आमच्या पोरांचे आहेत, आणि तिथला भाता मी शिवलाय. उद्या ती भट्टी विझली, तर लोक मला हसतील. हा आपला आहे!"

सगळी चावडी खो खो हसली. काकी स्वतः सरकून बसली आणि दर्यापारला म्हणाली, "ये, बस. अरे, तू नुसता देत होतास, तेव्हा आम्हाला मिंध्यासारखं वाटत होतं. काल तू दारात आलास, तेव्हा कुठे बरं वाटलं."

राजाचं तांबं आलं. पोरांचं काम टिकलं. दर्यापार मात्र पुढे इतका मागायला शिकला, की तो दिसला रे दिसला की मिशाळची बायको विचारी, "आज काय हवंय, भाऊजी?"

यातून घ्यायचं ते एवढंच: नुसता देत राहतो तो पाहुणाच राहतो, आपलं व्हायचं असेल, तर मागताही आलं पाहिजे.