जवाची खूण

पूर्वी काशीच्या राज्यात एक राजा सुखाने राज्य करीत असताना बोधिसत्त्व वरणा नदीच्या काठी एका लोहाराच्या घरी जन्माला आला. राजाचं नाव या गोष्टीला लागत नाही. राजे नावेत बसतात, नावेचा दोर कापायची वेळ त्यांच्यावर येत नाही. मोठा होऊन बोधिसत्त्वही लोहारच झाला, त्याचं नाव मात्र लक्षात ठेवा, सोमिल. फाळ, कुऱ्हाडी, कोयते सगळं तो करी. पण त्याची ख्याती होती ती चाकूंसाठी. म्हशीच्या शिंगाची मूठ, मुठीला तांब्याची पट्टी, आणि पातं त्या मुठीत असं मिटून बसायचं, की कमरेला खोचून माणूस झोपला तरी टोचू नये. पट्टीवर जवाच्या दाण्याएवढी एक खूण असे. ज्याच्या चाकूवर तो जव दिसे, त्याच्याकडे लोक जरा आदरानेच बघत.

त्याच नदीवर कोसभर खाली वसभ नावाचा नावाडी राहत होता. या काठच्या अर्जुनाच्या झाडापासून त्या काठच्या खुंटापर्यंत एक जाड दोर ताणलेला होता, आणि वसभाची नाव एका आखूड दोराने त्याला अडकवलेली असे. त्या आधाराने वल्हं मारीत तो माणसं पैलतीरी पोचवी. नावाड्याचं चाकूवाचून घडीभर चालत नाही. दोराचं टोक उसवलं, काप. सुंभ गुंतला, काप. उतारूने काकडी दिली, तीही काप. वसभाचा जुना चाकू झिजून काडीएवढा झाला, तेव्हा चैत्र महिन्यात तो सोमिलाकडे गेला आणि घरची दुभती शेळी देऊन नवा चाकू घेऊन आला. सोमिलाने त्याला निघताना काहीतरी सांगितलं होतं खरं, पण वसभ अंगठ्याने धार बघण्यात गुंगला होता. त्याने नुसती मान डोलावली.

घरी त्याची बायको उत्पली दारातच उभी होती. तिने चाकू उलटासुलटा करून पाहिला.

"अहो, यावर जव कुठाय?"

खरंच की! पट्टी कोरी होती.

उत्पली बोलायला लागली की नदीसुद्धा थांबून ऐकते, असं गावात म्हणत. "पोरीचं पहिलं बाळंतपण यंदा. बाळंतिणीच्या दुधासाठी राखली होती मी ती शेळी. ती देऊन आलात, आणि आणलंत काय? ज्यावर करणाऱ्याला स्वतःची खूणसुद्धा उठवावीशी वाटली नाही, असलं ध्यान!" वसभ चाकू कमरेला खोचून नदीवर गेला.

श्रावणात आठवडी बाजाराला पिंगुत्तर नावाचा एक फिरता व्यापारी आला. त्याच्यापुढे टोपलीभर चाकू. एकेक असा लखलखीत की डोळे दिपावेत, आणि प्रत्येकाच्या पट्टीवर ठसठशीत जव! "सोमिलाचा माल, सोमिलाच्या घरापेक्षा स्वस्त! दोन शेर तांदळात घरी न्या!" असं म्हणत तो मनगटावरचे केस भादरून दाखवी. माणूस मोठा गोडबोल्या. अर्ध्या गावाने चाकू घेतले आणि उरलेल्या अर्ध्याने वसभाला विचारलं, "काय वसभा, दुभती शेळी देऊन कोरा चाकू? लोहाराने चांगलीच टोपी घातली की तुला!"

उत्पली म्हणाली, "अजून वेळ गेलेली नाही. तो परत करा, शेळी घेऊन या. दोन शेर तांदूळ मी देते." वसभालाही ते पटलं. खरं सांगायचं तर लोकांच्या हसण्याने त्याला फार लाज वाटत होती.

तो सोमिलाच्या दारी गेला आणि मान खाली घालून म्हणाला, "दादा, चाकू परत करायचा आहे."

सोमिलाने का म्हणून विचारलं नाही. परसात जाऊन त्याने शेळी सोडून आणली आणि दावं वसभाच्या हातात दिलं. वसभ भांडायच्या तयारीने आला होता, तो अगदी वरमून गेला.

"का परत करतोयस, तेही विचारत नाही तुम्ही?"

"शेळी अजून तुझीच आहे. वर्ष कुठं झालंय?" सोमिल म्हणाला. "तुला सांगितलं होतं मी. तू धार बघत होतास."

मग त्याने भात्यावरचा हात काढला आणि सावकाश सांगितलं, "लोखंड तापवून पाण्यात विझवलं, की आत काय झालं ते त्या लोखंडालाच ठाऊक. मला वाटतं चांगलं झालं. पण माझ्या वाटण्यावर दुसऱ्याने का जावं? म्हणून नव्या चाकूवर मी खूण करत नाही. माणसाने तो वर्षभर वापरावा आणि पहिली धार लावायला माझ्याकडे आणावा. टिकला असेल तर जव उठवतो आणि किंमत ठेवून घेतो. नसेल टिकला तर किंमत परत. ती खूण म्हणजे माझा शब्द आहे, बाबा. न पाहिलेल्या गोष्टीचा शब्द कसा देऊ?"

"मग बाजारात नवेकोरे चाकू जवासकट मिळताहेत ते?"

सोमिलाच्या कपाळावर आठी पडली, पण आवाज चढला नाही. "नव्यावर जव असेल तर तो माझा नव्हे."

"बरं, ते राहू द्या. हा माझा चांगला आहे का, तेवढं सांगा."

"मी कसं सांगू? पाच महिने तुझ्या कमरेला आहे. तूच सांग ना."

वसभ आठवू लागला. या पाच महिन्यांत त्याने सुंभ कापला होता, ओले दोर कापले होते, वेळूच्या काठ्या तासल्या होत्या. एकदा उत्पलीनेच कुणी बघत नाहीसं पाहून त्या चाकूने भोपळा चिरला होता. पण चाकूचा म्हणून विचार त्याच्या मनात एकदाही आला नव्हता. जुन्याला तो दिवसातून दहा वेळा शिव्या घालायचा. शेळी त्याचं उपरणं चघळत होती. उपरण्याचा पदर अर्धा ओला होईपर्यंत तो तसाच उभा राहिला, आणि मग त्याने दावं सोमिलाच्या हातात परत दिलं.

"राहू द्या शेळी. वर्ष होऊ दे."

रिकाम्या हाताने तो घरी आला, तेव्हा उत्पली दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. ताट मात्र असं आदळी की त्यातच सगळं आलं. गावात वसभाने जवाची गोष्ट सांगून पाहिली, पण सोमिलाच्या घरून चाकू आणलेला गावात दुसरा कुणी नव्हता, मग ऐकतो कोण? "बघा, फसला तो फसला, वर लोहाराचीच तळी उचलतोय," म्हणून लोक आणखी हसले.

भाद्रपद आला. वसभाची लेक कणिका सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी यायला निघाली आणि पैलतीरी येऊन थांबली. पिंगुत्तरही टोपली घेऊन त्याच खेपेला आला. दुसरं कोणी नव्हतं. वसभ मागे वल्ह्यावर बसला, कणिका मधे, आणि पिंगुत्तर पुढे, जिथे आखूड दोर नावेला बांधलेला होता तिथे. वसभाला राहवलं नाही. "शेठजी," तो म्हणाला, "सोमिलदादा नव्या चाकूवर जव करत नाही. वर्षाने करतो."

"नावाड्याने वल्हं मारावं," पिंगुत्तर हसून म्हणाला.

नाव मध्यावर आली आणि वरच्या अंगाचं पाणी एकाएकी लोटलं. एक उन्मळलेलं जांभळीचं झाड गरगरत आलं, मोठ्या दोरावर आदळलं आणि तिथेच अडकलं. दोर पाण्याखाली दबला. त्याने नावेचं पुढचं टोक खाली ओढलं, आणि टोकावरून पाणी आत यायला लागलं.

"शेठजी, दोर कापा! आखूड दोर कापा!" वसभ ओरडला. त्याला वल्हं सोडता येत नव्हतं; सोडलं असतं तर नाव आडवी होऊन तिथेच उलटली असती.

पिंगुत्तराजवळ चाकूंना काय तोटा! त्याने एक उघडून दोरावर घातला, तो पिंपळाच्या पानासारखा वळला. दुसरा ओल्या दोरावरून नुसताच घसरला. तिसऱ्याची खीळ निसटून पातं नदीत गेलं आणि हातात मूठ उरली. मुठीवर जव होता. पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत आलं, तरी तो टोपलीत हात घालून एकामागून एक चाकू काढतच होता आणि तोंडाने "आई गं, आई गं" म्हणत होता.

"कणिके, घे!"

वसभाने कमरेचा चाकू मिटलेलाच काढला आणि लेकीच्या ओटीत टाकला. नावाड्याची लेक ती; तिला सांगावं लागलं नाही. एका हाताने पोट सांभाळीत ती पुढे सरकली, पिंगुत्तराला खांद्याने बाजूला लोटलं आणि चाकू उघडून दोराला लावला. पहिल्या ओढीला दोर अर्धा झाला. दुसऱ्या ओढीला चार पेड उरले. तिसऱ्या ओढीला सुटलाच. नाव हिसका देऊन वर आली आणि प्रवाहाबरोबर निघाली. वसभाने उभं आयुष्य त्या नदीवर काढलं होतं. अर्धा कोस खाली त्याने ती वाळूत नेऊन लावली.

पिंगुत्तर वाळूत बसला होता. पोरीने चाकू मिटून बापाला दिला, तेव्हा पिंगुत्तराने हात पुढे केला. "बघू जरा." त्याने पट्टी एका बाजूने पाहिली, दुसऱ्या बाजूने पाहिली.

"यावर खूण नाही."

"नाही," वसभ म्हणाला. "चैत्रात व्हायची आहे."

तेवढ्यात उत्पली काठाकाठाने धावत आली. तिने लेकीला पोटाशी धरलं, तोंडावरून हात फिरवला, आणि हुंदके देत देत म्हणाली, "अगं, लोकांच्या लेकींच्या ओट्या फळांनी भरतात, तुझ्या बापाने तुझी चाकूने भरली!" मग ती नवऱ्याकडे वळली. तिने त्याचं ओलं उपरणं पिळून त्याच्या खांद्यावर टाकलं.

गोष्ट गावभर झाली. ज्यांनी चाकू घेतले होते ते काठ्या घेऊन आले. "राजाकडे न्या याला! हात तोडतील!" पण ज्याची खूण चोरली त्याच्यासमोर आधी उभा करावा, असं वसभ म्हणाला, आणि सगळे त्याला घेऊन सोमिलाकडे गेले.

सोमिलाने टोपलीतला एक चाकू उचलला, बोटांनी वाकवला आणि हसला.

"मऊ लोखंड आहे. याच्या पळ्या, उलथनी फार छान होतील. नावेचे कडी-कोयंडेसुद्धा. आपण याला चाकू म्हणून उभं केलं, तिथे बिचारं काय करणार?" मग तो पिंगुत्तराकडे वळला. "तुझी जीभ गोड आहे. अख्ख्या गावाला तू नको ती वस्तू विकलीस. हवी ती वस्तू त्याच जिभेने विकता येणार नाही का तुला?"

पिंगुत्तर मार खायला तयार होता, या प्रश्नाला तयार नव्हता. तो तिथेच गुडघ्यांत तोंड घालून रडला.

लोकांनी पुष्कळ आरडाओरडा केला, पण सोमिलापुढे कोणाचं चाललं नाही. टोपलीतले सगळे खोटे चाकू त्याने भट्टीत घातले आणि पळ्या घडवल्या. भाता पिंगुत्तरानेच ओढला. मग त्या पळ्या डोक्यावर घेऊन तो त्याच गावांतून, त्याच बाजारांतून फिरला. "मी विकलेले चाकू खोटे होते, परत द्या आणि पळी घ्या," असं प्रत्येक दारी म्हणाला. पहिल्या गावात त्याला अंगावर शेणाचे गोळे झेलावे लागले. चौथ्या गावात एका म्हातारीने बसायला घोंगडी टाकली.

शेळी सोमिलाने दुसऱ्याच दिवशी वसभाच्या दारात आणून बांधली. "वर्ष झालेलं नाही, म्हणजे दूध तुमचंच," एवढं बोलून तो निघून गेला. मार्गशीर्षात कणिकेला मुलगी झाली. सुईणीने चाकू मागितला, तेव्हा उत्पलीने नवऱ्याच्या कमरेचाच चाकू कढत पाण्यातून काढून दिला. बाळाची नाळ त्यानेच कापली.

चैत्रात वर्ष पुरं झालं. उत्पली स्वतः शेळी आणि तिचं नवं करडू घेऊन सोमिलाच्या दारी गेली. मागे वसभ होता, त्याच्या मागे तान्हुलीला घेऊन कणिका. भात्याशी पिंगुत्तर बसला होता. सोमिलाने शेळी घेतली, करडू तान्हुलीचं म्हणून परत दिलं, आणि चाकूची धार उजेडात धरून बराच वेळ पाहिली. मग त्याने हातोडी उचलली.

"दादा, आता खूण कशाला?" वसभ म्हणाला. "हातच्या काकणाला आरसा कशाला? हा चाकू कसा आहे ते मला ठाऊक आहे."

"तुला ठाऊक आहे रे," सोमिल म्हणाला. "ही तुझ्यासाठी नाही. तुझ्यामागून हा जिच्या कमरेला जाईल, तिला तू सांगायला नसशील." आणि तान्हुलीकडे बघत त्याने पट्टीवर जव उठवला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे पुढे बुद्धत्व पावलेल्या त्या बोधिसत्त्वाने, जेतवनाच्या विहारात सांगितली, ती भद्दक नावाच्या भिक्षूमुळे. दान घेऊन उपासक आले की भद्दक डोळे अर्धे मिटून ध्यानस्थ बसे, आणि ते गेले की गप्पांना उठे. इतर भिक्षू त्याची थट्टा करीत होते.

"भिक्षूंनो, त्याला हसू नका," शास्ते म्हणाले. "वर्ष पुरं होण्याआधी खूण उठवायची घाई त्याला मागल्या जन्मीही होती. तेव्हाचा पिंगुत्तर तो हा भद्दक. आपल्या विहारात पाणी भरणारा म्हातारा उपासक तेव्हा वसभ होता. त्याची बायको आजही उत्पली आहे, आणि आजही त्याच्याशी भांडते. कणिका आज भिक्षुणीसंघात आहे. आणि सोमिल लोहार तो मीच होतो. भद्दका, तेव्हा तू भाता चांगला ओढला होतास. आताही ओढशील."

भद्दकाने मान खाली घातली. त्या दिवसापासून तो उपासकांच्या वाटेवर न बसता विहाराच्या मागे, वेळूच्या बेटात बसू लागला. बोधिसत्त्वाने त्या जन्मात पूर्ण केलेली पारमिता, म्हणजे पराकोटीला नेलेला सद्गुण, ती सत्यपारमिता.