न झिजलेली स्टेपनी

फार वर्षं झाली. एका नव्या गाडीबरोबर पाच टायर घरी आले. चौघे रस्त्यावर धावू लागले आणि पाचवी, स्टेपनी, डिकीच्या अंधारात आडवी पडून राहिली. खालून चौघांच्या गप्पा ऐकू येत. आज घाट, उद्या समुद्र. तिला कुणी काही विचारत नसे. “झिजा लेकांनो,” ती मनाशी म्हणे, “माझ्या नक्षीची एक रेघ पुसलेली नाही!”

आठ वर्षांत चौघे गुळगुळीत झाले. मालकीण कुमुदताई टायरवाल्याला म्हणाल्या, “उस्मानभाई, हात जरा आखडता आहे. तीनच नवे द्या. चौथी ही स्टेपनी लावा, एकदाही वापरलेली नाही.”

स्टेपनीचा ऊर भरून आला.

उस्मानभाईंनी तिची कड अंगठ्यानं दाबली. बारीक भेगा उघडल्या. “ताई, पडून पडून रबर कडक झालंय. रस्त्यात फुटेल. चारही नवेच घ्या.”

स्टेपनी चौघांबरोबर दुकानाबाहेरच्या ढिगात पडली. शेजारच्या गुळगुळीत टायरनं पहिल्यांदाच तिला विचारलं, “काय गं, तू कुठले कुठले रस्ते पाहिलेस?”

तिनं बराच वेळ आठवून पाहिलं.

“तुम्ही ज्यांच्या गप्पा मारायचात,” ती म्हणाली, “तेवढेच.”